नवा डायनामो की रिकंडिशन? आधी तुमचा जुना उघडून बघा

चिपळूणच्या एका गाडीमालकांनी विचारलंय. गाडी २०१४ची डिझेल स्विफ्ट, २०२२मध्ये सेकंडहँड घेतलेली, आता १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेले. गेल्या आठवड्यात रात्री पावसात कुंभार्ली घाट चढताना बॅटरीचा लाल दिवा लागला, हेडलाइट मंदावले, स्टेअरिंग एकदम जड झालं. कसेबसे कोयनानगरला पोचले. आता अल्टरनेटरसाठी, म्हणजे इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी चार्ज करणाऱ्या भागासाठी, त्यांच्याकडे तीन भाव आहेत. सर्व्हिस सेंटरचा नवा १४ हजारांच्या घरात, बाजारातला ‘नवा’ पण कुठल्याच कंपनीचं नाव नसलेला साडेपाच हजार, आणि ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे रिकंडिशन ४,२००. शिवाय टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याची, शिट्टी वाढली आहे, तिथेही कुणीतरी रिकंडिशन बसवायला सांगतंय. प्रश्न एवढाच, की नवा घेऊ की रिकंडिशन?

मी कोल्हापुरात सव्वीस वर्षं गॅरेज चालवतो. अल्टरनेटरला आमच्याकडे अजून डायनामोच म्हणतात, मीही तसंच म्हणेन. सरळ उत्तर द्यायला मला आवडलं असतं, पण तुमच्या प्रश्नात एक माहिती राहून गेली आहे आणि सगळं उत्तर तिच्यावर अडलंय. तुमची गाडी जुलै २०२१च्या पुरात चिपळुणातच उभी होती का? त्याकडे येतोच. आधी ‘नवा’ आणि ‘रिकंडिशन’ या दोन शब्दांखाली बाजारात काय काय विकलं जातं ते सांगतो.

नव्यात तीन जाती आहेत. गाडीच्या कंपनीच्या पुडक्यातला ओरिजिनल ही एक. गाडीची कंपनी सहसा डायनामो स्वतः बनवत नाही. ज्या कारखान्याकडून ती घेते, तोच कारखाना स्वतःच्या पुडक्यातही माल विकतो, ही दुसरी. बऱ्याचदा वस्तू तीच असते आणि भाव बराच कमी. तुमच्या तीन भावांत हा चौथा नाहीच, तो आधी मागवा. जुन्या डायनामोच्या अंगावरच्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर असतो, तो घेऊन मोठ्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा. तिसरी जात बिननावाच्या नव्या मालाची. तो मी बसवत नाही. बाहेरून चकचकीत असतो, पण आत तांब्याची तार किती, डायोड (वीज एकाच दिशेला सोडणारे भाग) किती अँपियरचे, बेअरिंग कुणाचं, यातलं काहीच कळायला मार्ग नसतो. पावसाळ्यातल्या रात्री हेडलाइट, वायपर, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा आणि इंजिनचं स्वतःचं इलेक्ट्रिकल सगळं मिळून पन्नास अँपियरच्या आसपास सहज जातं. पुठ्ठ्यावर ‘९० अँपियर’ छापलेला एक बिननावाचा डायनामो मी टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासणीच्या मशीनवर, लावून पाहिलाय. गरम झाल्यावर तो पंचावन्नलाच बसला. असल्या नव्यापेक्षा नीट बांधलेला जुना ओरिजिनल शंभर वेळा चांगला, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

रिकंडिशनमध्येही तसेच तीन प्रकार. खरा रिकंडिशन म्हणजे पीस पूर्ण सुटा करायचा, धुवायचा, झिजणारा प्रत्येक भाग बदलायचा, मग तो चालत असला तरी. आणि बेंचवर लोड, म्हणजे विजेचा भार, देऊन तपासायचा. दुसऱ्या प्रकारात जे मेलंय तेवढंच बदलतात, वरून चंदेरी रंग मारतात आणि त्यालाही रिकंडिशनच म्हणतात. खरं तर ती नुसती रिपेअरी. तिसरा काढीव माल, म्हणजे तुटलेल्या नाहीतर भंगारात गेलेल्या गाडीवरून काढून पुसून ठेवलेला. तुमच्या इलेक्ट्रिशियनचे ४,२०० यातल्या कशाचे आहेत, ते कळल्याशिवाय तो भाव स्वस्त की महाग हे ठरवता येणार नाही.

काढीव मालाबद्दल माझा अनुभव सांगतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शिरलं, तिकडे कृष्णेने सांगली बुडवली. त्यानंतर कित्येक महिने बुडालेल्या गाड्या मोडीत जात होत्या आणि त्यांचे पार्ट बाजारात येत होते. एका रिक्षावाल्या मित्राच्या जुन्या व्हॅनला मी भंगार बाजारातून काढीव डायनामो आणून बसवला. हाताने फिरवून पाहिला होता, आवाज नव्हता, चार्जिंग १४.१ व्होल्ट दाखवत होतं. दीड महिन्यात बंद पडला. उघडला तर मागच्या झाकणात, डायोड प्लेटच्या फटींत, वाळलेला बारीक पिवळसर गाळ. नखाने खरवडला की पीठ पडावं तसा पडत होता. गाळात ओल धरते, ओलीने डायोडचे पाय आणि वाइंडिंगची, म्हणजे गुंडाळलेल्या तारांची, टोकं हिरवी पडतात, आणि अशी वस्तू कधीतरी न सांगता जाते. मी दुसरा रिकंडिशन बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. पण मित्राची तीन दिवसांची कमाई बुडाली ती बुडालीच. तेव्हापासून मागचं झाकण उघडून पाहिल्याशिवाय काढीव डायनामो माझ्या गॅरेजात गाडीवर चढत नाही.

म्हणून तुमच्या गाडीचा इतिहास विचारला. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, असंख्य गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन पुसून पुढच्या वर्षभरात विकल्या गेल्या. तुमची तशी नसेलही. खात्री करायला मात्र दहा मिनिटं पुरतात. पुढचा सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा आणि आतल्या टोकाला पाण्याच्या डागाची रेघ दिसते का पहा. सीटच्या रुळांखाली टॉर्च मारून गंज बघा. मागच्या डिकीत स्टेपनी उचलून खालच्या कोपऱ्यांत बोट फिरवा.

आता कुणाच्याही हातात पैसे देण्याआधी गाडीवर मापं घ्या. दिवा लागला म्हणजे डायनामोच गेला असं नसतं. साध्या मल्टीमीटरने होतं. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. चालू करून साधारण दोन हजार आरपीएमवर १३.८ ते १४.५. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावा. तरी साडेतेराच्या खाली जाऊ नये. नंतर मीटर एसी व्होल्टवर करून त्याच दोन टोकांवर बघा. ०.५ व्होल्टच्या वर दिसलं तर एखादा डायोड गेलाय. आणि लोड चालू असतानाच डायनामोच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किती व्होल्ट पडतात ते मोजा. ०.२च्या वर असेल तर दोष अर्थिंगमध्ये आहे.

हे शेवटचं माप फार थोडे लोक घेतात, आणि कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गाड्यांत तेच सगळ्यात महत्त्वाचं. गगनबावड्याहून एक गृहस्थ आले होते, वर्षात दोन डायनामो बदललेले, दोन्ही नवे. तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा माझ्याकडे आणली. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली गंजून भुसभुशीत झाली होती. पट्टी बदलली, बोल्टाची जागा घासून ग्रीस लावलं, काम संपलं. तिसरा डायनामो घ्यायची वेळच आली नाही. बेल्ट सैल असणं, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं चढणं, मोठा फ्यूज अर्धवट जळणं, हेही बघून घ्या.

मापं घेऊनही दोष डायनामोतच निघाला, तर तो खाली उतरवा आणि शक्यतो तुमच्या समोर उघडायला सांगा. काय बघायचं ते सांगतो. रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाच्या, टोकाला तांब्याच्या दोन कड्या असतात, स्लिप रिंग. त्यांच्यावर कार्बनच्या लहान कांड्या घासत असतात, त्यांनाच आम्ही कार्बन म्हणतो. नव्या कडीवरून बोट फिरवलं तर काचेसारखी गुळगुळीत लागते. सव्वा लाख किलोमीटरला तिच्यात नख अडकेल अशी खाच पडलेली असते. अशा खाचेत नुसते नवे कार्बन घातले तर ते काठावर बसतात, ठिणग्या पडतात आणि चार महिन्यांत पुन्हा झिजतात. नुसती रिपेअरी आणि खरा रिकंडिशन यांतला फरक इथे उघडा पडतो. खाच उथळ असेल तर कडी लेथवर हलकी मारून घेता येते. खोल असेल तर जुनी काढून नवी बसवून तारा पुन्हा डाग देऊन जोडाव्या लागतात. त्यानंतर दोन कड्यांमधला रोधही मोजायचा, साधारण २ ते ५ ओहम येतो. आणि कडी ते शाफ्ट काहीच कनेक्शन दाखवता कामा नये.

बेअरिंग दोन असतात. पुढचं मोठं, मागचं लहान. मागचं उष्णतेने आधी जातं, पण बदलायला जरा कटकटीचं म्हणून बरेच लोक पुढचंच बदलतात. दोन्ही बदलून मागा आणि जुनी दोन्ही हातात मागून घ्या. कार्बन पाच मिलिमीटरच्या आत आले असतील तर बदलायचेच. मी तर पीस उघडला की लांबी न बघता बदलतो, कारण पुन्हा उघडण्याची मजुरी कार्बनपेक्षा जास्त. डायोड प्लेट आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर नामांकित कंपनीचे नवे. पुलीत एकाच दिशेला पकडणारा क्लच असेल तर तोही तपासायचा, तो जाम झाला की बेल्ट फडफडतो. स्टेटरचं, म्हणजे रोटरभोवतीच्या स्थिर भागाचं, वाइंडिंग काळं पडून जळकट वास येत असेल, तर हाताने पुन्हा भरून घेऊ नका असं माझं मत आहे. उद्यमनगरात जुन्या मोठ्या डायनामोंचं वाइंडिंग उत्तम भरणारे कारागीर आहेत, त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण आताच्या लहान डायनामोत तार इतकी दाटून भरलेली असते की कारखान्यासारखी ती परत बसत नाही, आणि पीस गरम झाला की कमी पडतो. अशा वेळी नवा स्टेटर मिळाला तर ठीक, नाहीतर सरळ नवा डायनामो.

आणि उघडल्यावर गाळ दिसला तर तिथेच थांबा. बुडालेला पीस रिकंडिशन करायच्या लायकीचा नसतो.

तुमचा पीस आतून स्वच्छ असेल, तर मात्र माझी शिफारस रिकंडिशनचीच आहे, आणि तीही तुमच्याच पिसाची. दुकानदार म्हणेल, जुना जमा करा, तयार घेऊन जा, अर्ध्या तासात काम. वेळ वाचतो हे खरं. पण त्याच्या फळीवरचा पीस कुणाच्या गाडीतून आला, बुडाला होता की आपटला होता, हे त्यालाही माहीत नसतं. तुमच्याचं निदान पोट तुम्ही उघडून पाहिलंय. एक दिवस गाडी उभी राहिली तरी चालेल. तयारच घ्यायचा असेल तर मूळ कारखान्याने स्वतः रिकंडिशन केलेला आणि नंबर टाकलेला मिळतो का बघा. काही बनवणारे तसा माल देतात आणि त्यावर छापील वॉरंटी असते.

इलेक्ट्रिशियनला तीन गोष्टी विचारा. कुठले भाग बदलणार, त्यांची नावं बिलावर लिहून द्याल का? लोड टाकून बेंचवर मला दाखवाल का, आणि पीस गरम झाल्यावर? सहा महिन्यांत गेला तर काढण्या-घालण्याची मजुरी कोण देणार? तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात. तोंडी ‘काळजी करू नका, मी आहे ना’ हे मनापासून म्हटलेलं असतं, पण तुम्ही कुंभार्लीत अडकलात तर तो चिपळुणात असतो. पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सगळ्याच सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झालाय, त्यापूर्वी अनेक भागांवर २८ होता. त्यामुळे बिलाशिवाय घेण्याचा मोह आता कमी असायला हवा.

मग नवा कधी? गाळ दिसला तर. स्टेटर जळाला आणि नवा स्टेटर मिळत नसेल तर. तुमच्या भागात लोड देऊन तपासणारा कुणीच नसेल तर. आणि गाडीवर रोजची पोटापाण्याची धाव असेल, एक दिवसही थांबवणं परवडत नसेल तर. तुमच्या गाडीला २०२९मध्ये पंधरा वर्षं होतील, तेव्हा पुन्हा पासिंगला जावं लागेल. त्यापुढे गाडी ठेवायचा विचार असेल तर मूळ बनवणाऱ्याच्या पुडक्यातला नवा वाया जाणार नाही. दोन वर्षांत विकणार असाल तर चौदा हजार घालू नका, विकताना त्यातला रुपयाही परत येत नाही.

आता टर्बो. इथे माझं म्हणणं अगदी वेगळं आहे, कारण टर्बो सहसा स्वतःच्या दोषाने मरत नाही. तुमच्या गाडीच्या लहान टर्बोची चाकं मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतात, आणि त्यांचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल उशिरा बदललं, तेलाची बारीक नळी काजळीने अर्धी बंद झाली, एअर फिल्टरच्या पुढे पाइपला चीर पडून धूळ आत गेली, की शाफ्ट खाल्ला जातो. ते कारण तसंच ठेवून नवा कोरा टर्बो बसवलात तरी तोही त्याच रस्त्याने जाईल. त्यामुळे नवा की रिकंडिशन हा प्रश्न इथे दुसऱ्या नंबरचा.

शिट्टी ऐकली म्हणून टर्बो उतरवू नका. आधी टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) आणि तिथून इंजिनकडे जाणारे रबरी पाइप आणि त्यांच्या क्लिपा तपासा. पाइपला बारीक चीर गेली असेल तर ॲक्सिलरेटर दिल्यावर अशीच शिट्टी येते, ओढ कमी होते आणि काळा धूर दिसतो. चिरेच्या आसपास तेलकट डाग असतो. माझ्याकडे टर्बोची शिट्टी म्हणून आलेल्या गाड्यांत अशी कितीतरी निघाली. पाइप ठीक असतील, तर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून चाक बोटाने धरा. आडवं किंचित हललं तर घाबरू नका, तेलाच्या थरासाठी तेवढी जागा असतेच. पुढे-मागे ओढल्यावर खडखड जाणवली, किंवा पात्यांनी टर्बोच्या घराला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घासल्याची चकाकती रेघ दिसली, तर गेला.

तेव्हा रिकंडिशन चालतो, पण ज्याच्याकडे बॅलन्सिंगचं मशीन आहे त्याच्याकडूनच, आणि बॅलन्सची छापील चिठ्ठी सोबत हवी. नुसता दुरुस्तीचा किट घालून हाताने जोडलेला टर्बो मी गाडीवर चढवत नाही. बरा मार्ग म्हणजे बॅलन्स करून आलेलं नामांकित बनवणाऱ्याचं मधलं कार्ट्रिज (शाफ्ट आणि चाकांचा तयार गाभा) तुमच्याच टर्बोच्या घरात बसवणं, घर तडकलेलं नसेल तर. बसवताना तेलाची नळी नवी घ्या, इंटरकूलर काढून आतलं तेल धुऊन काढा, इंजिन ऑइल आणि दोन्ही फिल्टर बदला. चालू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या भोकात स्वच्छ तेल ओता आणि चाक हाताने फिरवा. कोरडा फिरला तर पहिल्या मिनिटातच त्याचं आयुष्य कमी होतं. यातली एकही पायरी मेकॅनिक ‘नको, काही होत नाही’ म्हणाला, तर दुसरा मेकॅनिक बघा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण रिकंडिशनची सवय लागली की माणूस ती सगळीकडे लावतो, म्हणून सांगतो. ब्रेकचे पॅड, लायनर, ब्रेकच्या सिलिंडरची रबरं, टाय रॉड, बॉल जॉइंट, टायमिंग चेनचा संच, क्लचप्लेट हे नवेच आणि नावाजलेल्या बनावटीचेच. बॉल जॉइंट पुन्हा घट्ट करून देणारे आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. डायनामो गेला तर दिवा लागतो, तुम्हाला अर्धा तास तरी मिळतो. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं आणि हातात काहीच उरत नाही. एअरबॅग आणि सीटबेल्टचा ताण देणारा भाग काढीव किंवा दुरुस्त केलेला कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. ब्रेकची डिस्क मात्र लेथवर मारून चालते, कडेला कोरलेल्या किमान जाडीच्या वर राहत असेल तर. सेल्फ, म्हणजे स्टार्टर, डायनामोसारखाच. कार्बन, बुश, बेंडिक्स (इंजिनात अडकून ते फिरवणारं दातेरी चाक) बदलून उत्तम होतो.

उद्या सकाळी इंजिन थंड असताना एवढं करा. सीटबेल्ट ओढून बघा, वर सांगितलेली व्होल्टची मापं कागदावर लिहा, आणि डायनामो उतरवला तर मागचं झाकण काढून आतला एक स्पष्ट फोटो घ्या, कड्या आणि डायोड प्लेट दिसतील असा. डायनामोच्या पट्टीवरचा नंबरही टिपून ठेवा. हे सगळं मला कळवलंत तर ४,२००चा भाव घ्यायचा की सोडायचा ते नेमकं सांगेन. तोपर्यंत रात्रीचा घाट टाळा. तुमच्या गाडीचं स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे. व्होल्टेज पडलं की वळणावर आधी तेच जड होतं.